आधी सातबारा बघा, मग सेवा केंद्रात जा

2025च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी परांडा तालुक्यातल्या गावांत शिरलं. माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं, मग सोयाबीनचं काय विचारता! पाणी उतरल्यावर पंचनामे झाले, अनुदानाच्या याद्या लागल्या. ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, तयार होता त्यांना वेगळी केवायसी करावी लागली नाही. आमच्या चुलत्यांचा, अण्णांचा, आयडी मात्र मंजुरीतच अडकलेला. मग व्हीके नंबर, म्हणजे यादीतला विशिष्ट क्रमांक घ्या, सेवा केंद्रात जा, अंगठा लावा. सगळं झालं, पैसे काही दिसेनात. या धावपळीत जे कळलं ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

अण्णांना सगळं गाव ज्ञानोबा म्हणतं. आधार कार्डावर ज्ञानेश्वर. हस्तलिखित सातबाऱ्यावरही ज्ञानेश्वरच होतं, संगणकीकृत सातबाऱ्यावर ते ज्ञानोबा झालं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. सोसायटीचा सचिव ओळखीचा, बँकेतला शिपाई गावचा, तलाठी तोंड बघून दाखला देई. प्रत्येक कचेरीचं रजिस्टर वेगळं होतं, त्यामुळे एकीकडची चूक दुसरीकडे जात नसे.

आता तसं राहिलं नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. पीक विमा, महाडीबीटी, पीएम किसान, नुकसानीचं अनुदान या सगळ्यांनी तीच तीच कागदपत्रं दरवेळी मागायची, यात शेतकऱ्याचा जन्म जायचा. 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना राज्यात शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तो यासाठीच. पण सगळे एकाच आडातलं पाणी शेंदायला लागले की आडात काय पडलंय ते आधी बघावं लागतं. ओळख क्रमांक काढताना संगणक आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव ताडून बघतो. जुळलं नाही की अर्ज मंजुरीसाठी थांबतो, आणि शेतकऱ्याला वाटतं की ‘साइट डाऊन’ आहे.

तेव्हा अर्ज पुन्हा पुन्हा भरत बसू नका. आधी महाभूमी संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा, त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते. तो आधार कार्डाशेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव अक्षर न् अक्षर जुळवा. चूक संगणकात उतरवताना झाली असेल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफाराची नक्कल काढा आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करा. तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्ज त्यांच्याकडे दिला तरी आदेश तहसीलदारांचा लागतो. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मूळ फेरफारातच चूक असेल तर हा रस्ता सरळ नाही. तिथे वकिलाचा किंवा जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. अण्णांच्या अर्जावर केंद्रचालकाने स्वतःचा नंबर टाकला होता. म्हाताऱ्याकडे साधा फोन, ओटीपी वाचता येत नाही, काम लवकर उरकतं, म्हणून बहुतेक ठिकाणी हेच चालतं. त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. पण अर्ज परत आला, त्रुटी निघाली, पैसे पडले, सगळे मेसेज त्याच्याकडे जातात आणि त्याच्याकडे असे शेकडो लोक. घरातल्या मुलाचा, सुनेचा नंबर द्या, पण आपल्याच माणसाचा द्या. पावतीवरचा अर्ज क्रमांक वहीत उतरवा. ती छपाई वर्षभरात उडून जाते.

उत्पन्न, रहिवास असे दाखले लटकले तर 2015चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. आमच्याकडे अपील म्हटलं की लोक कचरतात, साहेब डूख धरेल म्हणून. मी तरी अपिलाचा नुसता विषय काढल्यावर दाखला निघालेला बघितलाय.

जाता जाता, बाहेरगावच्या पोरांसाठी: जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये बदललं, पण एखाद्या यादीत धाराशिव सापडलं नाही तर उस्मानाबाद शोधा. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आता अण्णांच्या पैशांचं. केवायसी झाली होती आणि अनुदानही पडलं होतं, फक्त आम्ही बघत होतो त्या पासबुकात नाही. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जावर कोणतंही खातं लिहा. अण्णांनी मध्यंतरी बार्शीला एक खातं उघडलं होतं. तिथे अंगठा घेताना आधार जोडणीच्या कागदावरही सही घेतलेली, ती कशाची हे कुणी सांगितलं नव्हतं. आपलं आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलंय हे आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून दिसतं. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला लागतो, आणि अण्णांच्या आधारला तो नव्हताच. म्हणून सुरुवात तिथून करा: आधार केंद्रात जाऊन आधी मोबाइल नंबर जोडून घ्या, मग बँक बघा, मग सातबारा.