नाट्यगृह आणि वस्तुसंग्रहालय : उंबरठा सर्वांना ओलांडता यावा

सार्वजनिक नाट्यगृहे आणि वस्तुसंग्रहालये जनतेच्या पैशातून चालतात व जनतेचाच सांस्कृतिक ठेवा सांभाळतात. त्यांची दारे सर्वांसाठी खुली आहेत असे आपण गृहीत धरतो. परंतु दार उघडे असणे आणि त्या दारातून आत जाता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रस्त्यापासून चार पायऱ्या चढून ज्या वास्तूत प्रवेश करावा लागतो, ती वास्तू चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला बंदच असते. त्याला दोघांनी उचलून आत नेले तर नाटक पाहायला मिळेल. परंतु उचलून नेले जाणे हे कोणत्याही स्वाभिमानी प्रेक्षकाला रुचणारे नाही. पुढच्या खेळाला तो बहुधा घरीच राहील, आणि त्याची गैरहजेरी कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष आणि गोव्यात ३३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या. गुडघेदुखीने त्रस्त वृद्ध, गर्भवती स्त्रिया, कडेवर मूल घेतलेल्या माता यांचा या आकड्यांत समावेश नाही. पायरीची अडचण त्यांनाही होतेच. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नाही.

कायद्याची भूमिका

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मान्य होती. नव्या कायद्यात ती एकवीस झाली. सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेता येणे हा दिव्यांगांचा हक्क असल्याचे या कायद्याने मान्य केले. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम कराव्यात, असे बंधनही त्यात आहे. नियम २०१७ साली आले. म्हणजे ही मुदत २०२२ साली संपली. सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. अर्थात, ही सोय म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे.

रस्त्यापासून आसनापर्यंत

सुगमता ही साखळीसारखी असते; एक कडी तुटली की बाकीच्या कड्या निरुपयोगी ठरतात. बसथांबा, फाटक, प्रवेशद्वार, तिकीट खिडकी, आसन आणि स्वच्छतागृह या त्या कड्या होत. उत्तम रॅम्प बांधला, परंतु तिकीट खिडकी छातीच्या उंचीवर ठेवली, अथवा स्वच्छतागृहाचे दार अरुंद राहिले, तर केलेला खर्च वाया जातो.

रॅम्पच्या बाबतीत होणारी चूक नेहमीची आहे. जागा वाचविण्यासाठी तो इतका उभा बांधला जातो की त्यावरून खुर्ची ढकलणारा धापा टाकतो व उतरताना खुर्ची हातातून निसटते. नियम सोपा आहे : एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी. दोन फूट उंच जोत्याला चोवीस फूट लांबीचा रॅम्प हवा. दोन्ही बाजूंस कठडा, खडबडीत पृष्ठभाग आणि वर-खाली खुर्ची वळविण्यापुरती सपाट जागा हवी. दाराची मोकळी रुंदी निदान ९० सेंटिमीटर असावी.

नाट्यगृह : प्रेक्षागृह आणि रंगपट

प्रेक्षागृहात चाकाच्या खुर्चीसाठी जागा राखताना ती शेवटच्या रांगेमागे किंवा येण्याजाण्याच्या वाटेत नसावी. निरनिराळ्या दरांच्या रांगांत थोडी थोडी जागा असावी व तिच्या शेजारी सोबत्याचे आसन असावे. आपल्या कुटुंबापासून वेगळे बसून नाटक पाहण्यात निम्मा आनंद हरवतो.

कर्णबधिरांसाठी रंगमंचाच्या कडेला उजेडात उभा असलेला सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि बाजूच्या पडद्यावर संवादांचा मजकूर, असे दोन उपाय आहेत. संगीत नाटकांच्या काळी प्रेक्षकांसाठी पदांच्या पुस्तिका विकल्या जात. तीच प्रथा पुन्हा सुरू केली, तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांना अर्थाचा धागा सापडेल आणि ज्यांना ऐकू येते त्यांनाही पदे पाठ करता येतील. अंधांसाठी खेळापूर्वी अर्धा तास रंगमंच खुला करून नेपथ्य व वेशभूषा हाताळू द्यावी. संवादांच्या मधल्या विरामांत रंगमंचावरील हालचालींचे वर्णन कर्णयंत्रातून ऐकवावे.

दिव्यांग व्यक्ती प्रेक्षक असते तशी कलावंतही असते, हे मात्र बहुधा विसरले जाते. प्रेक्षागृहात रॅम्प आणि रंगमंचावर जायला सहा पायऱ्या, ही विसंगती अनेक ठिकाणी आढळते. रंगपट, त्यातील आरसा आणि रंगमंच येथपर्यंत खुर्ची पोहोचली पाहिजे. पणजी येथे जानेवारी २०२३ मध्ये पहिला 'पर्पल फेस्ट' झाला. तेथे दिव्यांग कलावंत रंगमंचावर आले, तेव्हा सोय केली तर काय घडू शकते हे सर्वांनी पाहिले.

जुन्या वास्तूचा मान

ऐतिहासिक वास्तूला हात लावू नये, हा आक्षेप येथे घेतला जातो. तो अगदीच गैर नाही. दगडी पायऱ्या फोडून सिमेंटचा रॅम्प घालणे हा ठेव्याचा नाश होय. परंतु मूळ बांधकामाला धक्का न लावता त्यावर टेकविलेला व हवा तेव्हा काढता येणारा लाकडी अथवा लोखंडी रॅम्प बसविता येतो. शेजारचे जमिनीलगतचे दार सर्वांसाठीच मुख्य प्रवेशद्वार म्हणून वापरता येते. मागच्या दाराने फक्त दिव्यांगांना आत घेणे टाळावे. वास्तू संरक्षित असल्यास पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी.

कोल्हापूरचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले व १९१५ साली खुले झालेले 'पॅलेस थिएटर' पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले व त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. जुने रूप परत उभे करताना अडचणीही जशाच्या तशा परत उभ्या कराव्यात काय, हा प्रश्न अशा प्रत्येक पुनर्बांधणीत पडतो. त्या वेळी घातलेला रॅम्प अल्प खर्चात होतो. नंतर तोच महाग पडतो. आगीच्या वेळी उद्वाहक वापरता येत नाही, म्हणून ज्यांना चालता येत नाही त्यांना कोणत्या मार्गाने व कोणी बाहेर काढावयाचे, हेही आराखड्यातच ठरले पाहिजे.

वस्तुसंग्रहालय : पाहणे, ऐकणे, स्पर्शणे

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील संगीत घड्याळ प्रसिद्ध आहे. तास भरण्याच्या सुमारास त्यातून एक छोटा दाढीवाला पुतळा बाहेर येतो आणि टोले देतो. कर्णबधिराला तो दिसतो व अंधाला टोले ऐकू येतात. मात्र पुढे लोक उभे राहिले, तर खुर्चीवरील माणसाला आणि लहान मुलांना त्यांच्या पाठीच दिसतात. पुढचे लोक बसले की सर्वांना दिसते. एका इंद्रियाची वाट बंद असली तरी दुसरी खुली ठेवावी, हे सूत्र या घड्याळापासून शिकता येते.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली 'अनुभव' हे दालन सुरू केले. तेथे निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हातांनी चाचपता येतात व त्यांची माहिती ब्रेल लिपीत दिलेली आहे. लहान संग्रहालयालाही एखाददुसरी प्रतिकृती करून घेणे अशक्य नाही. माहितीफलकावरील अक्षरे मोठी, ठळक आणि गडद-फिक्या रंगसंगतीची असावीत. फलक बसलेल्या माणसाच्याही नजरेच्या टप्प्यात असावा. काचेवर दिव्याची तिरीप पडू नये. प्रत्येक दालनात एक बाक असावे. यातील पुष्कळशा गोष्टींना अंदाजपत्रकाची वाटही पाहावी लागत नाही.

प्रत्येकाचा वाटा

अधिकाऱ्यांनी आपल्या ताब्यातील वास्तूची पाहणी एखाद्या दिव्यांग व्यक्तीस बरोबर घेऊन करावी. कागदावरील आराखड्यात न दिसणारा उंबरठा तिला ताबडतोब दिसतो. शिक्षकांनी सहलीस निघण्यापूर्वी संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून सोयींची चौकशी करावी आणि पायऱ्या आहेत म्हणून एखाद्या विद्यार्थ्यास मागे ठेवू नये. ग्रामस्थांनी देवस्थानच्या जत्रेतील नाटकाच्या मंडपातही पुढील बाजूस सपाट जागा राखावी. दाद मागावयाची झाल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आपल्या पूर्वजांनी ही नाट्यगृहे बांधली आणि या वस्तू जपल्या, त्या पुढच्या सर्व पिढ्यांसाठी. त्या 'सर्व' या शब्दातून कोणी वगळले जाऊ नये, याची जबाबदारी आता आपल्याकडे आहे.