फायरवॉल : तटबंदी की आगभिंत?

मागील उपघटकात आपण संगणकजाळ्याची रचना पाहिली. आता व्यवसायातील अशा जाळ्याच्या संरक्षणाचा विचार करू.

'फायरवॉल' हा शब्द मूळचा बांधकामातला. एका भागात लागलेली आग शेजारच्या भागात पसरू नये म्हणून मध्ये उभारलेली, आगीला दाद न देणारी भिंत, हा त्याचा अर्थ. आपल्या डोळ्यांपुढे मात्र किल्ल्याची तटबंदी येते : शत्रू बाहेर, आपण आत. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि ती महागात पडते.

जाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि बहुधा पोर्ट क्रमांकही असतो. फायरवॉल ही माहिती नियमांच्या यादीशी ताडून पाहते. बहुतेक फायरवॉल यादी वरून खाली वाचतात आणि लागू पडणारा पहिला नियम अमलात आणतात. 'सर्वांना प्रवेश' हा नियम चुकून वर राहिला, तर खालचे सारे निर्बंध निरर्थक ठरतात. (पाणिनीच्या सूत्रांचा क्रम अभ्यासलेल्यांना हे नवे वाटणार नाही, तेथे मात्र विरोध आल्यास नंतरचे सूत्र बलवान ठरते.) यादीच्या शेवटी 'उरलेले सर्व नाकारा' असा नियम हवाच.

आता २७ जून २०१७ चे उदाहरण घ्या. 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला. मार्ग विश्वासातला होता, त्यामुळे बाहेरच्या तटबंदीचा उपयोग झाला नाही. आत शिरल्यावर विंडोजमधील त्रुटी आणि चोरलेले पासवर्ड यांच्या बळावर तो संगणकामागून संगणक घेत गेला. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. आपल्या न्हावा शेवा बंदरातील, याच समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

येथे शब्दाचा मूळ अर्थ उपयोगी पडतो. हिशेब विभाग, गोदाम आणि पाहुण्यांचे वाय-फाय यांच्या मध्येही फायरवॉल असावी. फाइलींच्या देवाणघेवाणीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट गरजेपुरतेच उघडे ठेवावे.

स्वाध्याय : आपल्या कार्यालयातील कोणत्या दोन विभागांच्या संगणकांना परस्परांशी जोडलेले राहण्याची गरज नाही? कारणांसह पाच ओळी लिहा.