केसांचा कल आणि कात्री

पावसाळ्यात आमच्या वाळपईची हवा इतकी दमट असते की, घरी चापून विंचरलेले केस शाळेत पोहोचेपर्यंत फुलून येतात. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. ओलावा शोषून तो फुगतो व आपल्या मूळ वळणावर जातो. सरळ केसाचा छेद बहुधा गोल, तर कुरळ्याचा चपटा असतो.

लांब केस थरांथरांनी कापण्याची ‘शॅग’ ही तऱ्हा १९७१ च्या ‘क्ल्यूट’ चित्रपटातील जेन फोंडामुळे गाजली. परंतु सर्वांना एकच माप चालत नाही. सरळ, विरळ केसांत थर मोजके व लांब ठेवावेत. एरवी टोके अधिकच विरळ दिसतात. दाट केसांत आतून थर घेतल्यास भार हलका होतो. कुरळे केस सुकताना आखडतात. म्हणून ते सुके असतानाच बेताने कापावेत, आणि विंचरावेत मात्र ओले असताना, रुंद दातांच्या फणीने, टोकांकडून वर.

खोप्यात अबोलीची फाती माळणाऱ्या आमच्या आज्या न्हाण्यापूर्वी खोबरेल लावीत. त्याने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे रेले व मोहिले यांच्या २००३ सालच्या संशोधनात आढळले.

केस कुरळे म्हणून कोणी मैत्रिणीने खंत करू नये. त्यांचा कल आधी ओळखावा, मग कात्री हाती घ्यावी, असे आम्हांस वाटते.