स्टार्चप्रधान शाकाहार: रोजच्या ताटात जपायच्या गोष्टी

स्टार्चप्रधान वनस्पतीजन्य आहारात पोट भरण्याचे काम भात, भाकरी, बटाटा, रताळे, मका आणि कडधान्ये करतात. भाज्या व फळे जोडीला असतात. मांस, मासे, अंडी, दूधदुभते वर्ज्य असते आणि तेलही जवळजवळ नसते. अमेरिकी डॉक्टर जॉन मॅकडूगल यांनी या पद्धतीचा प्रसार केला. १९७० च्या दशकात हवाईतील ऊसमळ्यांवरच्या कामगारांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आले, की आशियातून आलेली, भात-भाजीवर जगणारी पहिली पिढी सडपातळ आणि काटक होती. अमेरिकी खाणे उचललेल्या पुढच्या पिढ्यांत मात्र लठ्ठपणा आणि मधुमेह वाढत होता.

मराठी घरात या आहाराचा पाया तयारच असतो. तरीही सुरुवातीला हमखास अडचण येते ती भुकेची. एक मोठा चमचा तेल सुमारे १२० कॅलरी देते, तर १०० ग्रॅम उकडलेला बटाटा ९० च्याही आत. तेल-तूप काढून ताट तेवढेच ठेवले की दुपारी चारला पोटात कावळे ओरडू लागतात आणि हात बिस्किटांकडे जातो. म्हणून भाकरी, भात, उसळ यांचे प्रमाण वाढवणे भागच असते.

दुसरी गफलत स्टार्चच्या निवडीत होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिने नावालाच. मैद्याचा पाव आणि खारी यांनीही पोट भरते, पोषण होत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, हातसडीचा तांदूळ यांवर भर हवा आणि रोज डाळ किंवा कडधान्य हवेच. धान्यात लायसिन कमी असते, ते डाळींतून मिळते. भाकरी-पिठले आणि वरण-भात या जोड्यांचे बळ त्यातच आहे.

बिनतेलाची फोडणीही जमते. कढई तापवून मोहरी-जिरे कोरडेच तडतडू द्यावे, मग कांदा घालून तो लागू लागला की पाण्याचा हबका मारत परतावा. जवस मात्र भाजून, कुटून चटणीत रोज घ्यावे. त्यातून ओमेगा-३ मिळते. अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात.

सर्वांत गंभीर धोका बी-१२ जीवनसत्त्वाचा. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. इडलीचे आंबवण किंवा स्पिरुलिना यांवर विसंबू नये. शाकाहारी माणसाला थोडेफार मिळते ते दूध-दह्यातून, आणि इथे तीच वाट बंद होते. यकृतातला साठा चांगला असेल तर काही वर्षे त्रास जाणवत नाही. मग पायांना मुंग्या येणे, जीभ लाल होणे, थकवा, विसराळूपणा सुरू होतो. दुखणे अंगावर काढले तर नसांची हानी कायमची राहू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ग्रामीण गरोदर स्त्रियांमध्येही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती. त्यामुळे आहार सुरू करण्याआधीच रक्त तपासावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी कायम घ्यावी. मॅकडूगल स्वतःही ही गोळी घ्यायला सांगत.

दुधाविना कॅल्शियमची सोयही आधीच लावावी. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तीळ आणि शेवग्याचा पाला हेही उत्तम. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. साखर अचानक उतरू शकते, आणि पांढऱ्या भातावर भर दिल्यास चढूही शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना बटाटा आणि डाळींतले पोटॅशियम झेपेलच असे नाही. गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या बाबतीत आहारतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय हा आहार सुरू करू नये.