प्रयोगाची पाटी : अल्प खर्चातील परिपथ-जुळणी

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद खर्चिक असतो, असा समज पालकवर्गात दृढ झालेला आढळतो. पाल्याने एखादा परिपथ जोडून पाहण्याची इच्छा व्यक्त केली, की हजारो रुपयांच्या तयार संचांच्या जाहिराती डोळ्यांपुढे उभ्या राहतात आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी हे सुटे भाग अत्यल्प किमतीत मिळतात. खरा विचार करावा लागतो तो हे भाग ज्यावर मांडावयाचे, त्या पाटीचा. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या पाटीचे प्रकार, त्यांचे गुणदोष व त्यांची निवड यांचा परिचय करून देत आहोत. निवडीचे सूत्र एकच आहे : पाटी स्वस्त की महाग, हे दुकानातील किमतीवरून ठरवू नये, तिच्यावर किती प्रयोग होणार आहेत, यावरून ठरवावे.

फळीपासून छापील पाटीपर्यंत

रेडिओच्या आरंभकाळी हौशी मंडळी स्वयंपाकघरातील पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा जोडत असत. ‘ब्रेडबोर्ड’ हे नाव त्या फळीवरून आले. पुढे 1936 च्या सुमारास व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर या तरुण अभियंत्याने भाड्याच्या खोलीत राहून छापील परिपथाचा रेडिओ तयार केला. तारांच्या गुंत्याऐवजी तांब्याच्या पातळ पट्ट्या पाटीवरच असाव्यात, ही त्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर रूढ झाली. स्प्रिंगच्या पकडीचा, डाख न लागणारा आजचा प्लास्टिकचा ब्रेडबोर्ड 1970 च्या दशकातील आहे. या विषयाचा उगम फळी-खिळ्यांत व भाड्याच्या खोलीत आहे, हे पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी आजही लाकडी फळी, पितळी स्क्रू आणि तारांचे तुकडे पुरेसे होतात.

पहिली पायरी : ब्रेडबोर्ड

ब्रेडबोर्डवरील दोन छिद्रांतील अंतर 2.54 मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असते. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच छिद्रे आतून एकमेकांस जोडलेली असतात. पूर्ण आकाराच्या पाटीत 63 रांगांची 630 आणि कडेच्या वीजपट्ट्यांची 200, अशी 830 छिद्रे असतात. अर्ध्या पाटीत 400. आरंभासाठी 400 छिद्रांची पाटीही पुरते.

उदाहरणादाखल 555 या टायमर आयसीचा परिपथ घेऊ. 10 किलोओहम व 68 किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरल्यास एलईडी सेकंदाला सुमारे एकदा लुकलुकतो. कपॅसिटर बदलून 1 मायक्रोफॅरडचा घातला, की ही गती दसपट होते. ब्रेडबोर्डवर हा बदल काही क्षणांत करता येतो व कोणताही भाग वाया जात नाही. शंभर वेळा मोडून पुन्हा जोडता येणारी पाटी प्रत्येक प्रयोगामागे किती स्वल्प किमतीची ठरते, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा.

खरेदी करताना काही गोष्टी पारखून घ्याव्यात. एकेरी तार चार-सहा ठिकाणी खोचून पाहावी. ती सैल बसत असेल किंवा मुळीच शिरत नसेल तर पाटी घेऊ नये. मोठ्या पाटीच्या कडेच्या वीजपट्ट्या काही वेळा मध्यभागी तुटक असतात. मल्टिमीटरने ते तपासून घेतल्यास ‘परिपथ का चालत नाही’ या शोधात जाणारा वेळ वाचतो. जाड पायांचे भाग छिद्रांत दडपू नयेत. त्यांमुळे आतील स्प्रिंग कायमच्या ढिल्या होतात. जोडतारांसाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. संगणकाच्या नेटवर्क केबलचा एकेरी तारांचा उरलेला तुकडा सोलला, की आतून आठ रंगांच्या, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारा मिळतात आणि त्या छिद्रांत चपखल बसतात.

मात्र घरातील 230 व्होल्टची वीज ब्रेडबोर्डवर कधीही आणू नये. हा नियम अपवादरहित आहे. सर्व प्रयोग बॅटरीवर किंवा खात्रीच्या कमी व्होल्टच्या अडॅप्टरवरच करावेत.

दुसरी पायरी : झिरो पीसीबी

ब्रेडबोर्डवरील परिपथ हलवला की तारा निसटतात. परिपथ सिद्ध झाला आणि तो प्रदर्शनात मांडावयाचा किंवा घरी नेऊन वापरावयाचा असेल, तर त्याला डाखाची पक्की पाटी हवी. बाजारात ती ‘झिरो पीसीबी’, ‘डॉट बोर्ड’ किंवा ‘जनरल पर्पज पीसीबी’ या नावांनी मिळते. छिद्रांमधील अंतर तेच असल्याने ब्रेडबोर्डवरील मांडणी जवळजवळ तशीच उतरवता येते. तांब्याच्या सलग समांतर पट्ट्या असलेल्या प्रकाराला ‘व्हेरोबोर्ड’ म्हणतात; त्यात हव्या त्या ठिकाणी पट्टी कापून परिपथ विभागता येतो.

तपकिरी रंगाची फिनॉलिक पाटी सर्वांत स्वस्त. तिच्यावर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवले तर तांब्याची टिकली उखडून येते. काचतंतू व इपॉक्सीची हिरवी पाटी महाग, पण उष्णता सोसणारी असते. आमचा अनुभव असा, की सराव तपकिरी पाटीवर करावा आणि टिकवावयाचा परिपथ हिरव्या पाटीवर करावा. मोठी पाटी घेऊन रेघ मारून तिचे लहान तुकडे केले, तर प्रत्येक परिपथाचा खर्च आणखी उतरतो. आयसी थेट न डाखता तिच्यासाठी सॉकेट लावावे. म्हणजे तीच आयसी उद्या दुसऱ्या परिपथात उपयोगी पडते.

डाख देण्यापूर्वी मांडणी आलेखाच्या कागदावर काढावी आणि प्रत्येक चौकोन एक छिद्र समजावा. पाटी उलटली की चित्र आरशातल्यासारखे उलटे होते, याचे भान ठेवावे. 63 टक्के कथिल व 37 टक्के शिसे असलेला डाख 183 अंश सेल्सिअसला वितळतो. शिशामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुणे आणि धुरामुळे खिडकी उघडी ठेवणे, हे दोन्ही नियम शिक्षकांनी कसोशीने पाळून घ्यावेत.

तिसरी पायरी : स्वतः कोरलेली पाटी

एकाच परिपथाच्या दोन-चार प्रती हव्या असतील, तर तांब्याचा थर असलेली कोरी पाटी आणून ती कोरता येते. कायम शाईच्या मार्करने तांब्यावर मार्ग रेखाटावेत किंवा लेझर प्रिंटरवर छापलेला नकाशा इस्त्रीने उमटवावा. नंतर पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवली, की उघडे तांबे विरघळते आणि शाईखालचे शिल्लक राहते. रसायनशास्त्राच्या पाठातील ऑक्सिडीकरण येथे डोळ्यांदेखत घडते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालून, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या ताटलीतच करावे. धातूचे भांडे वापरू नये. एकाच द्रावणात अनेक पाट्या होतात. वापरून झालेले द्रावण मोरीत ओतणे सर्वथा वर्ज्य आहे, कारण त्यातील तांबे जलचरांना घातक असते. ते बाटलीत साठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडेच द्यावे. तशी सोय नसेल, तर ही पायरी वगळावी.

चौथी पायरी : मागवलेली पाटी

‘कायकॅड’ ही मोफत संगणकप्रणाली 1992 मध्ये झाँ-पिएर शारास या फ्रेंच प्राध्यापकाने सुरू केली. तीत परिपथ रेखाटून कारखान्याकडून पाटी करून घेता येते. चीनमधील शेन्झेन येथील कारखाने 100 बाय 100 मिलिमीटरपर्यंतच्या पाट्या फारच अल्प दरात देतात. परंतु टपालखर्च व सीमाशुल्क मिळून पाटीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतात. म्हणून एकट्याने मागवू नये. पाच-सहा विद्यार्थ्यांनी आपले छोटे परिपथ एकाच पाटीवर शेजारी शेजारी मांडावेत, एकत्र मागवावेत व नंतर कापून घ्यावेत. मागणीपूर्वी तो परिपथ ब्रेडबोर्डवर चालवून पाहिलेला असला पाहिजे. कारखान्यात छापलेली चूक पाचही प्रतींत सारखीच येते.

सुटे भाग व साध्या पाट्या प्रत्यक्ष पाहून घ्यावयाच्या असल्यास मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठ ही जुनी ठिकाणे आहेत. सहामाही किंवा उन्हाळी सुटीत त्या बाजूस जाणाऱ्या एका पालकाकडे सर्वांची एकत्र यादी दिल्यास प्रवासखर्च वाचतो व दरही बरा मिळतो.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

शाळेविषयीच्या कृतज्ञतेतून माजी विद्यार्थी विज्ञान विभागास काही भेट देऊ इच्छितात, ही आनंदाची गोष्ट आहे. याबाबत आमचे म्हणणे नम्रपणे मांडतो. एक महागडा संच आला, की तो मोडेल या भीतीने कपाटात जातो. चाळीस मुले तो काचेतून पाहतात. त्याच रकमेत प्रत्येकाच्या हाती स्वतःचा ब्रेडबोर्ड, मूठभर रेझिस्टर, एक 555 आयसी व एलईडी येऊ शकतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाजवळ स्वतःच्या मालकीच्या वस्तू थोड्या असतात. जी पाटी त्याची स्वतःची आहे, तिच्यावर तो रात्रीच्या अभ्यासानंतरही प्रयोग करतो, सुटीत ती गावी नेतो, धाकट्या भावंडांना दाखवतो आणि एलईडी लागला नाही तर न घाबरता पुन्हा जोडून पाहतो. पुन्हा जोडून पाहण्याची ही मोकळीक हेच या शिक्षणाचे मर्म आहे, आणि ती स्वस्त पाटीनेच मिळते.

ज्यांना रक्कम देणे शक्य नाही, त्यांनी नेटवर्क केबलचे उरलेले तुकडे, बंद पडलेल्या रेडिओतील किंवा खेळण्यांतील सुटे भाग, जुना पण चालू मल्टिमीटर आणून द्यावा. आणि जे या क्षेत्रात नोकरी वा व्यवसाय करीत आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार येऊन मुलांच्या शेजारी बसावे व डाख कसा धरावा, हे दाखवावे. त्या दिवशी आपल्या पाटीची जागा आम्ही राखून ठेवू.