रिस्टोरेशनचा ठोक भाव देण्याआधी चॅसिस मोजा



जुन्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायचा धंदा सुरू करताय? मग एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या धंद्यात पैसा रंगात कमी आणि चॅसिस न मोजता दिलेल्या ठोक भावात जास्त बुडतो. चॅसिस वाकडी असेल तर दरवाजे नीट बसत नाहीत, गाडी एका बाजूला ओढते, टायर लवकर झिजतात. रंग झाल्यावर हे कळलं, तर सगळं पुन्हा उघडायचं आणि खर्च तुमच्या खिशातून!

उदाहरण म्हणून महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप घेऊ. हिला बॉडीपासून वेगळी, शिडीसारखी चॅसिस असते, म्हणून शिकायला सोपी. सामान काय लागतं? ओळंबा, खडू, स्टील टेप आणि पाणी भरलेली लेव्हलची नळी.

1. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर घ्या. डाव्या-उजव्या बाजूचे जोडीचे पॉइंट निवडा, उदा. स्प्रिंग हँगरचे बोल्ट.
2. प्रत्येक पॉइंटवरून ओळंबा सोडा, खाली खडूने खूण करा.
3. गाडी हलवून तिरकी मापं घ्या: पुढचा डावा ते मागचा उजवा, मग उलट. फरक 3 मिमीच्या आत असला तर ठीक. जास्त आला तर पुन्हा मोजा. तोच फरक आला, तर चॅसिस तिरकी झालेली असू शकते.
4. पीळ बघायला पुढचे दोन पॉइंट नळीने एका लेव्हलला आणा, मग मागचे दोन तपासा.

आता एक फसवी जागा. या जीपचा व्हीलबेस 80 इंच. दोन्ही बाजूंचा वेगळा आला, तरी लगेच चॅसिसला दोष देऊ नका. पाटा स्प्रिंगचा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सलही सरकतो. म्हणून चाकांवरून नाही, चॅसिसवरूनच मोजा.

आणि धंद्याचं काय? तपासणीची फी वेगळी घ्या. मापं कागदावर लिहून ग्राहकाची सही घ्या. कोटेशनमध्ये "चॅसिस सरळ करण्याचा खर्च वेगळा" ही ओळ टाकाच. ग्राहकालाही आधीच कळतं, या गाडीत पैसे घालावेत की नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या गॅरेजमध्ये एक जीप मोजा आणि मापांचा तक्ता तयार करा. तोच तुमचा पहिला फॉर्म!