ट्रम्पेटवरील अलंकारांचा रियाज

लग्नसराई सुरू झाली की दिंद्रुडसारख्या गावातही बँडचा ट्रम्पेट घुमू लागतो. वाजविणारे तरुण बहुधा ऐकून ऐकूनच गाणी उचलतात. गाणे बसते, परंतु तेच दुसऱ्या पट्टीत धरायचे झाले की बोटे अडखळतात, आणि वरात मांडवापाशी पोहोचेपर्यंत ओठ थकून वरचा सूर फाटतो. यावर उपाय एकच : अलंकारांचा शिस्तबद्ध रियाज. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गाजलेले अनेक गोमंतकीय वादक चर्चच्या शाळांतून असेच स्वरपाठ गिरवून आलेले होते.

ट्रम्पेटला कळा अवघ्या ३. पहिली दाबली असता स्वर एक सुराने उतरतो, दुसरी अर्ध्या, तर तिसरी दीड सुराने. बिलावलचे सप्तक असे वाजते : सा मोकळा, रे पहिली-तिसरी, ग पहिली-दुसरी, म पहिली, प मोकळा, ध पहिली-दुसरी, नी दुसरी, वरचा सा मोकळा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग आणि ध यांना बोटे तीच, आणि सा, प, वरचा सा यांना तर बोटेच नाहीत! अर्थात स्वर निवडतात ते ओठ आणि श्वास. म्हणून प्रत्येक स्वर आधी गळ्याने म्हणावा, मग वाजवावा.

प्रारंभी एकेक स्वर ८ मात्रा स्थिर धरावा. नंतर सारेग, रेगम, गमप हा अलंकार पायाने ताल धरून विलंबित लयीत घ्यावा. जेथे अडेल, तेथील दोनच स्वर पुनःपुन्हा घोटावेत; दरवेळी आरंभापासून धावू नये. रे किंचित चढा लागतो, कारण दोन कळांच्या नळ्यांची एकत्रित लांबी थोडी अपुरी पडते. तिसऱ्या कळेची नळी जराशी बाहेर ओढून तो जुळवावा. वाद्य ओठांवर दाबून वरचा सूर काढू नये. त्याने ओठ लवकर थकतात. जितका वेळ वाजवाल, तितकाच विसावा घ्या.

बिलावल पक्का झाल्यावर भैरव घ्यावा : कोमल रे तिन्ही कळांनी, कोमल ध दुसरी-तिसरीने. मग रे, म, प यांना सा मानून तेच अलंकार फिरवावेत.

लग्नसराई थोड्या महिन्यांची असते. उरलेल्या दिवसांत वाद्य खुंटीला न टांगता जो रोज अर्धा तास अलंकारांना देईल, त्याचा सूर वरातीच्या शेवटच्या गाण्यापर्यंत टिकेल.